सभागृहात गेलेली वाट

काकासाहेबानं वाट खाल्ली ती दिवाळीनंतरच्या पेरणीत. माणूस वाट कसा खातो, असं शहरातला कुणी विचारील. सोपं आहे. पहिल्या साली कडेचं गवत काढायचं. दुसऱ्या साली गव्हाची एक ओळ आत घालायची. तिसऱ्या साली गड्याच्या हातात ट्रॅक्टर देऊन आपण पाहुण्याच्या गावाला जायचं. परत येऊन बघावं तर वाटेवर गहू उगवलेला. मग कपाळावर हात मारून म्हणायचं, "आयला, रोटाव्हेटरला काय डोळं असत्यात व्हय?" आणि वाटेच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या फांद्या टाकायच्या, गहू गुरांनी खाऊ नये म्हणून.

आमची कवडसावंगी डोंगराच्या पायाशी. डांबरी सडकेला लागून काकासाहेबाचं रान, त्याच्या मागं पुंडलिकाचं, पुंडलिकाच्या मागं नाला. मधली वाट निजामाच्या वेळच्या नकाशात आहे. बैलगाड्या गेल्या त्या वाटेनं, वराती गेल्या, पुंडलिकाच्या बापाची मैतसुद्धा त्याच वाटेनं गेली.

काकासाहेब तसा वाईट माणूस नव्हे. त्याला फक्त विचारलेलं आवडायचं. त्या साली पाऊस उशिरा आला, तर मी पारावर सांगितलं, की पाऊस काकासाहेबाच्या बांधावर थांबून 'येऊ का' म्हणत होता आणि हा तंबाखू मळत होता, म्हणून खोळंबा झाला. हे ऐकून दुसरा कुणी चिडला असता. काकासाहेबानं हळूच मान हलवली.

पुंडलिकानं दीड एकर अद्रक लावली होती. पाला उभा होता, वाफे फुगले होते, आणि खालच्या कोपऱ्यात पानं पिवळी पडायला लागली. त्याची बायको गोजरबाई तिथं उकिडवी बसली, एक गड्डा उपटला, अंगठ्यानं दाबला. आतून पाणी आलं आणि कुजका वास.

"सड लागली," ती म्हणाली. "चढत वर येईल. आता ही मातीत ठिवून जमायचं नाय."

साहेबराव व्यापारी आला, बांधावरून फिरला, अद्रकीचा तुकडा दातानं तोडून बघितला.

"माल झकास हाय. गाडी कुठवर येईल?"

"डांबरीवर," पुंडलिक म्हणाला.

"आन तिथवर?"

"डोक्यावर."

साहेबराव हसला. "दाजी, दीड एकराचा माल डोक्यावर न्यायचा म्हणजे माझे मजूर दुपारीच पळून जातील. बांधाला गाडी लावा, दुसऱ्या दिशी काढणी करतो. तवर माझा नाइलाज हाय."

म्हणून पुंडलिक काकासाहेबाच्या अंगणात गेला. काकासाहेब बाजेवर उन्हाला बसला होता. बस म्हणाला नाही. पुंडलिक उभाच राहिला, टोपी हातात.

"काकासाहेब, दोन दिस गाडी जाऊ द्या. गव्हाचं जे नुकसान होईल ते भरून देतो."

"इचारलंस ते लई बरं केलंस," काकासाहेब म्हणाला. "बघू की."

"कवा?"

"बघू म्हणलं ना."

दुसऱ्या दिवशी गेला, तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशी गेला तर काकासाहेब म्हणाला, "तुझी गोजर हापशावर काय म्हणत हुती रं? वाट काय त्याच्या बापाची हाय का, म्हणं. मग तिलाच इचार की, कुणाच्या बापाची हाय ती."

पुंडलिक घरी आला आणि बायकोला काही बोलला नाही. पण आमच्या गावात भिंतीसुद्धा चहाड्या सांगतात. तिला दिवेलागणीच्या आत कळलं.

"तुमी त्याच्या दारात उभं राहून राहून वाळलात," गोजरबाई म्हणाली. "आता मी जाते."

"कुठं?"

"आमदारीणबाईकडं."

---

आमदार तनुजाताईंच्या वडलांना सायकल मीच शिकवली, असं मी गावात बरीच वर्षं सांगत आलो होतो. त्यामुळं मला सोबत नेणं नवरा-बायकोला भागच पडलं. एस.टी.नं संभाजीनगर, तिथून रिक्षा, आणि क्रांती चौकाच्या पुढं ताईंचं संपर्क कार्यालय. बाहेर चपलांचा असा ढीग, की त्यातून आपली चप्पल शोधायला एकजण सकाळपासून बसला होता आणि जेवणाचा डबा त्यानं तिथंच उघडला होता.

आत माणसंच माणसं. एकजण विजेच्या जळालेल्या डीपीचा फोटो मोबाइलवर दाखवत होता. एका बाईला सासऱ्यासाठी दवाखान्यात खाट पाहिजे होती. दोघं लग्नाची पत्रिका घेऊन आलेले, आणि एकाचं म्हणणं असं, की ताईंनी त्याच्या जावयाला फक्त एकदा फोनवर झापावं. ताईंचा स्वीय सहायक राजकुमार दोन कानांना दोन फोन लावून बसला होता. ते फोन इतके तापतात की तो दुपारी त्यांच्यावर पापड भाजतो, असं मी गावात येऊन सांगितलं. दोघांनी खरं मानलं.

ताई उभ्यानंच पोहे खात होत्या. खाता खाता खाटेचा फोन झाला, डीपीचा झाला. जावयाला मात्र त्यांनी झापलं नाही. मुलीला दे म्हणाल्या, आणि मुलीशीच बोलल्या. मग आमच्याकडं वळल्या.

"जय भीम, ताई," पुंडलिक म्हणाला.

"जय भीम. बोला मावशी."

गोजरबाईनं पिशवीतून सडलेला गड्डा काढून टेबलावर ठेवला. राजकुमारनं नाक धरलं. ताईंनी तो हातात घेतला.

"खालच्या अंगानं लागली का? पाणी साचतं तिथं?"

"व्हय."

"वाट अडलीय?"

"अडवलीय," गोजरबाई म्हणाली.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. तालुक्याला तक्रार दिली होती, सुनावणीची तारीख उन्हाळ्यातली मिळाली होती. ताईंनी तिथंच तालुक्याला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "मॅडम, पाहणी करून अहवाल देतो." ताईंनी फोन ठेवला.

"परवा मी नागपूरला निघतेय, अधिवेशनाला," त्या म्हणाल्या. "मतदारसंघातल्या अडलेल्या शेतवाटांवर लक्षवेधी टाकते. त्यात तुमची वाट पहिली घेते."

"ते काय असतंय?"

"मंत्र्यांना सभागृहात उभं करून विचारायचं. त्यांना उत्तर द्यावंच लागतं."

"आन खोटं बोलले तर?"

"सभागृहात खोटं बोलणं लई महागात पडतं, मावशी. लक्षवेधी लागंल का नाय, ते माझ्या हातात नाही. विचारणं माझ्या हातात आहे."

मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्हीच का ते सायकलवाले बाबा? आमच्या बाबांना तर अजून सायकल येत नाही."

"शिकवली मी," म्हणालो. "शिकले नाहीत ते."

---

ताई नागपूरला गेल्या आणि इकडं नवरा-बायकोनं सडका कोपरा काढायला घेतला. मधला चांगला माल वाचवायचा तर कड तोडायलाच पाहिजे होती. पुंडलिक कुदळीनं वाफा फोडायचा. गोजरबाई मागून गड्डे उचलून माती झटकायची, सडका भाग मोडून बाजूला टाकायची. अद्रकीचा रस तिच्या नखांच्या कडांना गेला होता, बोटं चिरली होती आणि चिरांत आग व्हायची. ती मधूनच बोटं तोंडात घालायची आणि मग जिभेचीही आग व्हायची, त्यावर स्वतःलाच शिव्या द्यायची.

निघालेला बरा माल पोत्यात भरून पुंडलिक डोक्यावर घ्यायचा. वाट बंद, म्हणून नाल्यातून फेरा मारून डांबरीवर. पाणी पोटरीला लागायचं, सकाळचं गार, हाडात शिरणारं. दगड बुळबुळीत. मान आत दबायची, डोळ्यांपुढं फक्त पुढचा दगड. आणि पलीकडच्या बांधावर काकासाहेब उभा असायचा. मनापासून ओरडायचा, "पुंडलिका, जपून रं! दगड शेवाळलेला हाय!"

"ह्याच्या काळजीनंच म्या मरणार," पुंडलिक म्हणायचा.

चौथ्या की पाचव्या फेऱ्याला तो घसरला. त्याला लागलं नाही, पण पोतं फाटलं आणि अद्रक पाण्यावर पसरली. गोजरबाई लुगडं खोचून नाल्यात उतरली. दोघं वाकून एकेक तुकडा वेचत राहिली. काकासाहेब तेव्हा मात्र बांधावरून निघून गेला. बघवलं नाही म्हणा, नाहीतर हसू आलं म्हणा. मी लांब होतो, तोंड दिसलं नाही.

त्याच आठवड्यात तालुक्याकडून महसुलाचे सर्कलसाहेब पाहणीला आले. मोटरसायकल डांबरीवरून आली, आणि डांबरीवर पहिलं घर काकासाहेबाचं. त्याची बायको मनकर्णाबाई चुलीवर वांगी भाजत होती. तिच्या भरताचा वास असा, की सर्कलसाहेबांची मोटरसायकल आपोआप बंद पडली. हे मी स्वतः बघितलं. मीही त्याच वासानं आलो होतो.

"वाट बंद असल्याची तक्रार आहे," भाकरी मोडत सर्कलसाहेब म्हणाले.

आता इथं काकासाहेबानं गप्प बसायला पाहिजे होतं. नाहीतर सरळ म्हणायचं, व्हय, केली बंद, काय करता. पण समोर साहेब, बाजूला गावातली चार माणसं, पंगत आपल्या अंगणात. आपल्या शिवारात कुणाची वाट अडलीय हे चारचौघांत कबूल करणं म्हणजे कमीपणा. काकासाहेबाची छाती पुढं आली.

"बंद? माझ्या रानात? साहेब, माझ्या रानात मुंगीला बी मनाई नाय. कुणीबी यावं, कुणीबी जावं. वाट खुली म्हंजे खुली. लिवा तसं. माझं नाव घालून लिवा."

"बघायला तर जावं लागंल."

"जाऊ की. आधी अजून एक भाकरी. अगं, भरीत वाढ!"

दुसऱ्या भाकरीनंतर साहेबांना उठवेना. त्यांनी अंगणातूनच रानाकडं बघितलं. "वाट कोणती त्यातली?"

"ती काय, हिरवी दिसती ती," काकासाहेब म्हणाला.

मनकर्णाबाई ताटं उचलता उचलता माझ्या कानाशी म्हणाली, "आबा, हेंनी आज काय तरी लचांड ओढून घेतलंय बघा."

---

लक्षवेधी लागली. पुंडलिकाचा पोरगा सत्यम शेंद्र्याला कंपनीत आहे, त्यानं फोनवर सभागृहाचं चालू चित्र बघायचं कसं ते आधीच शिकवून ठेवलं होतं. गोजरबाईनं फोन पोत्याला टेकवून उभा केला. पुंडलिक, ती आणि मी, तिघं वाफ्यात बसून विधानसभा बघत होतो. सूर्य डोक्यावर, म्हणून तिनं फोनवर पदर धरला होता.

ताई बोलल्या. चांगल्या बोलल्या. अद्रकीचं बोलल्या, नाल्याचं बोलल्या. पुंडलिकानं दोनदा "बराबर" म्हटलं. मग मंत्री उठले आणि कागद बघून वाचायला लागले.

"अध्यक्ष महोदय, मौजे कवडसावंगी येथील शेतरस्ता बंद आहे, हे खरे नाही. सदर रस्ता खुला आहे. जमीनधारक काकासाहेब यांनी कोणासही मनाई केलेली नाही, उलट आपल्या शेतातून सर्वांना स्वखुशीने जाऊ दिले आहे, असा स्थानिक अहवाल आहे. अशा दिलदार शेतकऱ्याचे या सभागृहाने अभिनंदन केले पाहिजे."

आणि बाकं वाजली. हातांनी धडाधडा वाजली. कवडसावंगीच्या माणसासाठी विधानसभेत बाकं वाजण्याची ही पहिलीच वेळ, आणि ती वाजली काकासाहेबासाठी.

ताई पुन्हा उभ्या राहिल्या. हातात मोठा फोटो होता. बाभळीच्या फांद्यांचा फोटो, सत्यमनंच पाठवला होता. "आता बघ," पुंडलिक म्हणाला. "आता दावतील." ताईंनी फोटोकडं बघितलं, समोरच्या मंत्र्यांकडं बघितलं, आणि फोटो पालथा करून बाकावर ठेवला.

"मंत्रीमहोदयांचे आभार," त्या म्हणाल्या. "रस्ता खुला असल्याचं आज सभागृहात नोंदवलं गेलं, याचा मला आनंद आहे. अधिवेशन संपताच मी स्वतः त्याच रस्त्यानं गाडीतून जाईन आणि काकासाहेबांचा सत्कार करीन. मंत्रीमहोदयांनी सोबत मोजणीचे अधिकारी द्यावेत, म्हणजे या खुल्या रस्त्याची हद्द कायमची आखली जाईल."

"निश्चितपणे," मंत्री म्हणाले आणि खाली बसले.

गोजरबाईनं पदर काढून घेतला. उन्हानं फोनची काच पांढरी झाली.

"इकलं आपल्याला," ती म्हणाली. "भरताच्या भाकरीला इकलं."

पुंडलिक हातातल्या गड्ड्याची माती काढत होता. माती कधीच निघाली होती. तो काढतच होता.

संध्याकाळी तिनं ताईंना फोन लावला. राजकुमारनं उचलला तर म्हणाली, "तुमी नका बोलू, बाईंना द्या." ताई फोनवर आल्या. गोजरबाईनं फोन असा धरला होता की आम्हालाही ऐकू येत होतं.

"ताई, सर्कल वाट न बघता भरीत खाऊन गेला. म्या अडाणी बाई. पण खोटं कोण आन खरं कोण, येवढं मला कळतं."

"मला बी कळतं, मावशी. फोटो दाखवला असता तर काय झालं असतं? अहवाल परत मागवला असता. परत सर्कल, परत पाहणी, परत भरीत. तवर तुमची अद्रक मातीतच मेली असती."

"आन आता?"

"आता वाट खुली आहे असं सरकारनं सभागृहात सांगितलंय. ती बंद सापडली तर मंत्र्यांची अडचण, सर्कलची अडचण आणि काकासाहेबाची सगळ्यात जास्त. मी कशाला त्याला खोटं पाडू? त्याला खरं करायची संधी देते. माणूस शिव्यांनी मागं सरत नाही मावशी, पण कौतुकानं कोपऱ्यात जातो."

गोजरबाईनं विचारलं, "गेला नाय तर?"

"तर तोच फोटो घेऊन मी परत उभी राहीन. तेव्हा माझ्या हातात मंत्र्यांचा शब्दही असेल."

फोन ठेवून गोजरबाई म्हणाली, "बाई पक्की हाय." पण त्या दिवशी ती जेवली नाही.

---

इकडं काकासाहेबाच्या घरी दिवाळी परत आली. सोयगावचे व्याही फोन करतायत, पुण्याचा भाचा फोन करतोय. दिलदार! सभागृह! बाकं! त्यानं लगोलग फ्लेक्स सांगितला: एका बाजूला ताई, एका बाजूला तो स्वतः, हात जोडलेले, फेटा बांधलेला. फ्लेक्स एवढा मोठा निघाला, की तो उभा केल्यावर शेजारच्या आळीत दोन दिवस लवकर अंधार पडला.

शिवाय जेसीबी. आजकाल पुढारी आला की जेसीबीच्या खोऱ्यातून फुलं उधळायची पद्धत आहे. काकासाहेबानं झेंडूची पोती मागवली.

मनकर्णाबाई दारात कंबरेवर हात ठेवून उभी होती. "सगळं झालं. पर ताईसाहेब येणार कुठनं? विमानातनं उतरणार हायेत का?"

"डांबरीवरनं येतील, आपल्या दारात. सत्कार दारातच करू."

त्यानं राजकुमारला फोन लावून तसं सुचवलं. राजकुमार गोड आवाजात म्हणाला, "नाही हो काकासाहेब, त्या रस्त्यानंच. सभागृहात बोलल्यात ताई. चॅनेलवाले पण आहेत सोबत."

काकासाहेबानं फोन ठेवला आणि बराच वेळ मिशीला पीळ भरला. मग जेसीबी फुलं भरायच्या आधी रानात शिरला.

बाभळीच्या फांद्या उचलल्या गेल्या. गहू खरवडला गेला, हिरवा, वीतभर वाढलेला. लोक जमले. काकासाहेब प्रत्येकाला सांगत होता, "होतीच वाट. जरा रुंद करतोय. पाव्हण्यांच्या गाड्या मोठ्या असत्यात." पुंडलिक बांधावरून बघत होता. त्याला आनंद व्हायला पाहिजे होता, पण शेतकऱ्याचा जीव. उपटलेला गहू बघून तो खाली उतरला आणि शेळीसाठी पेंडी गोळा करायला लागला. काकासाहेब म्हणाला, "ने, ने. मनाई नाय कुणाला."

गोजरबाई मात्र कान देऊन उभी होती. तिनं ऐकलं: काकासाहेब जेसीबीवाल्याला हळूच सांगत होता, "माती लांब टाकू नको. कडंलाच ठिव. कार्यक्रम झाला की परत वढायचीय."

ती तशीच घरी गेली आणि साहेबरावाला फोन लावला.

"भाऊ, उद्या मजूर घेऊन पहाटं नाल्याकडनं या. काढणीला लागा. आन तुमच्या गाड्या डांबरीवर उभ्या करा. ताईंच्या गाड्या आत वळल्या की त्यांच्या मागं लावा."

"वळखतील की आक्का!"

"आमदाराच्या ताफ्यात शेवटची गाडी कुणाची हाय, हे आमदाराला तरी ठावं असतं का?"

---

ताईंची गाडी वळली तेव्हा हलगी वाजायला लागली. जेसीबीचं खोरं वर गेलं आणि झेंडू कोसळला. ताईंच्या काचेवर, राजकुमारच्या डोक्यावर. मागं मोजणीवाल्यांची गाडी, तिच्यावर फुलं. चॅनेलवाल्यांच्या गाडीवर फुलं. त्यामागं एक पांढरी पिकअप, तिच्यावरही फुलं. मग दुसरी पिकअप.

"आरं थांब!" काकासाहेब ओरडला. "ती ताईंची न्हवं, साहेबरावाची गाडी हाय!"

जेसीबीवाला वरून म्हणाला, "फुलं संपवायला सांगितल्यात, मालक!" आणि तिसरीवरही उधळली.

झेंडूनं पिवळ्या झालेल्या तिन्ही गाड्या सरळ पुंडलिकाच्या बांधाला जाऊन लागल्या. मजुरांनी तिथं पोती तयारच ठेवली होती. भरणी सुरू झाली.

ताई खाली उतरल्या, पिकअपकडं बघितलं, गोजरबाईकडं बघितलं, आणि हसू गालात दाबून टाकलं. मग काकासाहेबाला शाल घातली, श्रीफळ दिलं. चॅनेलवाल्यांनी फोटो काढले, तोवर मोजणीवाल्यांनी नकाशा उलगडून फिती लावल्या.

"काकासाहेब," ताई मोठ्यांदा म्हणाल्या, "सभागृहानं तुमच्यासाठी बाकं वाजवली. आता मोजणीवाल्यांनी नकाशा बघून खुणा केल्यात. हद्दीचा पहिला दगड तुमच्याच हातानं बसवायचा. पावसाळ्याआधी माझ्या निधीतून मुरूम टाकते."

मोजणीवाल्यांनी गाडीतून दगड काढला. काकासाहेबाच्या अंगावर शाल, तोंडावर कॅमेरा. तो कडेच्या मातीच्या ढिगाऱ्याकडं बघत होता, जो उद्या परत ओढायचा होता. घाम कानामागून उतरत होता. मला वाटलं, आता नाही म्हणणार. गोजरबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"काय बघताय?" मनकर्णाबाई मागून म्हणाली. "मुंगीला बी मनाई नाय म्हणला होता ना? मुंगी उभी हाय ही. लावा दगड."

लोक हसले. काकासाहेब हसला, दुसरं काय करणार होता? वाकला आणि दगड लावला. दुसऱ्या कडेचा दगड पुंडलिकानं लावला. मोजणीवाल्यांनी घणानं ठोकून बसवले, पुढचेही बसवत गेले.

पण काकासाहेब हरल्यासारखा मागं सरणारा माणूस नव्हे. शाल सावरून म्हणाला, "ताई, एक इनंती. रस्ता माझ्या रानातून. तवा रस्त्याला आमच्या वडलांचं नाव द्यावं."

ताईंनी विचार केला. दगड लागला होता. एका पाटीनं माणूस खुश राहणार असेल तर काय बिघडतं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं मला दिसलं. त्या "बरं—" म्हणाल्या, तेवढ्यात गोजरबाई पुढं आली. पुंडलिकानं तिचा हात धरला, तिनं सोडवला.

"नाव नको, ताई."

"का मावशी?"

"वाटंला कुणाचं नाव लागलं की माणूस इचारतो, तुमच्या वाटंनं जाऊ का. आजवर माझा मालक लई इचारत आला. बिननावाची ऱ्हाऊ द्या. मंजी कुणाला इचारायलाच नको."

हलगीवालाही थांबला होता. ताईंनी काकासाहेबाकडं बघितलं. "मावशींचं बरोबर आहे. पाटी नाही."

काकासाहेबाचं तोंड उतरलं. मनकर्णाबाई म्हणाली, "चला आता, भरीत गार होतंय. आमदारबाईंना तरी गरम वाढू द्या." ताई म्हणाल्या, "चहा तुमच्याकडं, जेवण गोजरमावशींकडं. ठरलंय माझं." आणि जेवायला त्या वाटेनंच, चालत गेल्या. जेवता जेवता राजकुमार सांगत होता, संध्याकाळी सोयगावला दोन लग्नं, उद्या एक दशक्रिया, परवा डीपीवाल्यांची बैठक. ताई म्हणाल्या, "आधी मला अजून अर्धी भाकरी घेऊ दे."

---

भरणी दिवस मावळेपर्यंत चालली. शेवटची पिकअप निघाली तेव्हा पुंडलिक ड्रायव्हरशेजारी बसला होता, बाजारपेठेत मापाला उभा राहायला. गोजरबाई मागं पोत्यांवर.

डांबरीच्या तोंडाशी काकासाहेब उभा. अंगावर अजून शाल. त्यानं हात वर केला. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. पुंडलिकाचा हात सवयीनं दाराच्या कडीकडं गेला, खाली उतरून उभं राहायला.

"कुठं निघालास, पुंडलिका?"

पुंडलिकानं कडी सोडली. "बाजाराला."

"बरं. जा."

"जातोच हाय, काकासाहेब," पुंडलिक म्हणाला. अगदी नीट, राग नाही, वाकणं नाही.

काकासाहेबाचा वर केलेला हात खाली आला. तेवढ्यात बांधावरून मनकर्णाबाई धापा टाकत आली. डोक्यावर टमाट्याचं कॅरेट. त्यांचा टमाट्याचा तुकडा वाटेच्या पार आतल्या टोकाला. नवऱ्यानं वाट मोडल्यापासून तीही रोज डोक्यावरच कॅरेट वाहत होती, आणि हे गावात कुणाला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नसावं, कारण त्यानं कधी मागं वळून बघितलं नव्हतं.

"पुंडलिकभाऊ, जागा हाय का वो गाडीत? आजून हायती मागं."

पुंडलिक खाली उतरला. आता उतरायला हरकत नव्हती. "हाय की वैनी. गोजर, सरक जरा तिकडं."

कॅरेट जड होतं. मनकर्णाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. पुंडलिकानं एक बाजू धरली. काकासाहेबानं इकडं तिकडं बघितलं, चॅनेलवाले गेले होते, फक्त मी होतो. त्यानं शाल काढून बाभळीच्या ढिगाऱ्यावर टाकली आणि दुसरी बाजू धरली.

"उचल," काकासाहेब म्हणाला.

"तुमी उचला आधी," पुंडलिक म्हणाला. "उंची तुमची जास्त हाय."